निर्दोष ठरलेला सेनापती : आर्थर सेंट क्लेअर आणि वॉबॅशकाठचा पराभव

४ नोव्हेंबर १७९१ रोजी सकाळी, आजच्या ओहायो राज्याच्या पश्चिम कडेला असलेल्या जंगलातून, पन्नाशी ओलांडलेला आणि गाउटच्या (सांध्यांच्या) दुखण्याने जखडलेला एक सेनापती सामान वाहणाऱ्या घोड्यावर बसून मागे फिरला. त्याचे स्वतःचे घोडे लढाईत मारले गेले होते आणि अंगावरच्या कपड्यांतून आठ गोळ्या आरपार गेल्या होत्या, पण त्याला जखम मात्र एकही झालेली नव्हती. हाती आलेले ते जनावर इतके थकलेले होते की कितीही टोचले तरी ते चालीपलीकडे जाईना, असे त्याने पुढे आपल्या सरकारी अहवालात लिहिले. सकाळपर्यंत त्याच्या हुकमतीखाली सुमारे १,४०० माणसे होती. त्यांपैकी सहाशेहून अधिक आता मागे मरून पडली होती, अडीचशेहून अधिक जखमी होती आणि उरलेली बहुतेक बंदुका फेकून त्याच्या पुढे पळत होती.

या सेनापतीचे नाव आर्थर सेंट क्लेअर. तो त्या वेळी अमेरिकेच्या सैन्याचा प्रमुख होता, ओहायो नदीपलीकडच्या वायव्य प्रदेशाचा राज्यपाल होता आणि चारच वर्षांपूर्वी, आजची राज्यघटना अमलात येण्याआधीच्या काँग्रेसचा अध्यक्षही होता. पराभवानंतर सुमारे सहा महिन्यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीने त्याला दोषमुक्त केले, आणि अमेरिकी संसदेने सरकारच्या कारभाराची केलेली ती पहिली चौकशी म्हणून इतिहासात नोंदली गेली. तरीही सेनापतिपद त्याला परत मिळाले नाही, राज्यपालपद अखेर काढून घेतले गेले आणि ज्या सरकारसाठी त्याने स्वतःच्या नावावर कर्ज काढले होते त्या सरकारने ते फेडले नाही. या लेखात मी मुख्यतः १७९१ ची मोहीम आणि तिची चौकशी तपासणार आहे. समितीने रसदीचा आणि कंत्राटाचा हिशेब चोख मांडला, परंतु सेनापतीचे स्वतःचे निर्णय तिने फारसे तपासले नाहीत आणि ज्या धोरणापायी ती फौज जंगलात उतरली त्याला तर हातही लावला नाही, असे माझे मत आहे. सेंट क्लेअरला दोषमुक्ती मिळाली, पण लोकांचा विश्वास परत मिळाला नाही, याचे मूळ मला त्या अपुरेपणात दिसते.

सेंट क्लेअर मूळचा स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील थर्सो या गावचा. ब्रिटिश सैन्यात अधिकारी होऊन तो अमेरिकेत आला आणि १७५८ मध्ये लुईबर्गच्या व पुढच्या वर्षी क्वेबेकच्या मोहिमेत फ्रेंचांविरुद्ध लढला. १७६० मध्ये त्याने बॉस्टनच्या फीबी बेयार्डशी लग्न केले. तिच्या माहेरकडून चांगला पैसा आला, तेव्हा सैन्य सोडून त्याने पश्चिम पेनसिल्व्हेनियातील लिगोनिअर खोऱ्यात जमीन घेतली. काही वर्षांतच तो त्या भागातला सर्वात मोठा जमीनदार झाला आणि न्यायदानापासून जमीनमोजणीपर्यंतची सरकारी कामे त्याच्याकडे आली. पुढे ही सगळी मालमत्ता कशी गेली ते शेवटी येईलच. ती होती किती, हे वाचकाने इथे ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्ययुद्धात तो ट्रेंटन आणि प्रिन्स्टन या लढायांत होता आणि १७७७ च्या आरंभी मेजर जनरल झाला. त्याच उन्हाळ्यात टिकॉन्डरोगाचा किल्ला त्याच्या ताब्यात देण्यात आला. किल्ल्याचे नाव मोठे होते, पण शिबंदी तुटपुंजी होती आणि समोरच्या उंच टेकडीवर पहारा ठेवण्याइतकी माणसे नव्हती. ब्रिटिश सेनापती बर्गॉइनच्या लोकांनी त्या टेकडीवर तोफा चढवल्या, तेव्हा ५ जुलैच्या रात्री सेंट क्लेअरने किल्ला रिकामा करून सैन्य बाहेर काढले. देशभर संतापाची लाट उसळली. शत्रूने तोफांतून चांदीचे गोळे किल्ल्यात टाकून सेंट क्लेअरला विकत घेतले, अशी कंडीसुद्धा पिकली आणि लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. १७७८ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला सन्मानाने निर्दोष सोडले. वाचवलेले सैन्य पुढे उपयोगी पडले आणि ऑक्टोबर १७७७ मध्ये बर्गॉइनला साराटोगा येथे शरण यावे लागले, हे पाहता तो निर्णय योग्यच होता असे मला वाटते. पण टिकॉन्डरोगाचा डाग न्यायालयाच्या निकालाने पुसला गेला नाही. १७९१ च्या पराभवाची बातमी आली तेव्हा चौदा वर्षांपूर्वीची ती रात्र पुन्हा लोकांच्या तोंडी आली, आणि या प्रकरणात त्याला मिळालेल्या वागणुकीमागे हीही गोष्ट आहे.

ज्या जमिनीसाठी फौज निघाली

१७८७ मध्ये सेंट क्लेअर काँग्रेसचा अध्यक्ष होता. त्याच वर्षी १३ जुलै रोजी काँग्रेसने वायव्य प्रदेशाचा अध्यादेश संमत केला. आजची ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन ही राज्ये आणि मिनेसोटाचा काही भाग त्या प्रदेशात येतो. या अध्यादेशाने तिथे गुलामगिरीला बंदी केली, टप्प्याटप्प्याने नवी राज्ये कशी घडतील ते ठरवले, आणि मूळनिवासींशी नेहमी सद्भावनेने वागावे, त्यांच्या संमतीवाचून त्यांची जमीन कधीही घेऊ नये, असेही कलम घातले. त्याच वर्षी सेंट क्लेअर त्या प्रदेशाचा पहिला राज्यपाल नेमला गेला आणि जुलै १७८८ मध्ये मॅरिएटा या नव्या वसाहतीत दाखल झाला.

सरकारची तिजोरी रिकामी होती, युद्धाचे कर्ज डोक्यावर होते आणि ते फेडण्याचा सर्वात सोपा मार्ग ओहायोच्या उत्तरेकडील जमीन विकण्याचा होता. त्या जमिनीवर मायामी, शॉनी, डेलावेअर म्हणजेच लेनापे, वायंडॉट आणि इतर लोक राहत, शेती करत, शिकार करत. ओहायो नदी हीच सीमा राहिली पाहिजे, ही त्यांच्या संघाची स्पष्ट मागणी होती. जानेवारी १७८९ मध्ये सेंट क्लेअरने फोर्ट हार्मार येथे जो तह केला, त्याला त्या संघातील प्रमुख जमातींचे अनेक नेते आलेच नव्हते, आणि जे आले त्यांच्यापुढे सीमा आधीच ठरवून ठेवलेली होती. असा तह कागदावर पुरा झाला तरी जंगलात कोणी तो मानला नाही. हल्ले चालू राहिले, सूडही चालू राहिला, आणि ऑक्टोबर १७९० मध्ये जोसाया हार्मारच्या नेतृत्वाखाली गेलेली फौज दोनशेच्या आसपास माणसे गमावून परतली. संमतीवाचून जमीन न घेण्याचे वचन देणाऱ्या अध्यादेशाखाली नेमलेला राज्यपालच ती जमीन तलवारीच्या जोरावर घ्यायला निघाला, ही या प्रकरणातली मूळ विसंगती आहे, आणि पुढच्या चौकशीत तिचा उल्लेख कोणी केला नाही.

फौज, कंत्राट आणि हरवलेला उन्हाळा

३ मार्च १७९१ रोजी काँग्रेसने आणखी एक नियमित पलटण आणि सहा महिन्यांसाठी भरती करायचे २,००० शिपाई मंजूर केले, आणि सेंट क्लेअरला मेजर जनरल करून मोहिमेचे नेतृत्व दिले. युद्धखात्याचा मंत्री हेन्री नॉक्स हा स्वतः स्वातंत्र्ययुद्धातला तोफखान्याचा जनरल होता. त्याची योजना अशी होती की १० जुलैपर्यंत सुमारे ३,००० माणसे आजच्या सिनसिनाटीजवळच्या फोर्ट वॉशिंग्टनमध्ये जमावीत, उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत वाटेवर चौक्या बांधत उत्तरेकडे सरकावे आणि मायामींच्या केकियोंगा या मुख्य गावी किल्ला उभारावा. सिनसिनाटी हे नाव, जाता जाता सांगतो, राज्यपाल या नात्याने सेंट क्लेअरनेच १७९० मध्ये त्या गावाला दिले होते.

शिपायांचा पगार महिना तीन डॉलर होता आणि त्यातूनही गणवेश व औषधपाण्यासाठी कापून घेतले जाई. एवढ्या पैशात जंगलात मरायला कोण येणार? जे आले त्यांत शहरांच्या रस्त्यांवरून आणि तुरुंगांतून गोळा केलेले पुष्कळ होते, असे सेंट क्लेअरचा सहायक अधिकारी एबेनेझर डेनी याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. सहा महिन्यांची मुदत भरतीच्या दिवसापासून धरली जाई, त्यामुळे फौज जंगलाच्या ऐन मध्यात असताना कित्येकांची मुदत संपू लागली.

अन्नपुरवठ्याचे कंत्राट विल्यम ड्युअरकडे होते. हा न्यूयॉर्कचा बडा सट्टेबाज, काही काळ अर्थखात्यात अलेक्झांडर हॅमिल्टनचा सहायक होता, आणि युद्धमंत्री नॉक्सबरोबर मेन भागातील लाखो एकर जमिनीच्या खरेदीत तो भागीदार होता. सरकारकडून उचललेली आगाऊ रक्कम फौजेच्या पिठा-मांसावर खर्च होण्याऐवजी त्याच्या सट्ट्यात फिरत राहिली. मार्च १७९२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, बाजारात घबराट पसरली आणि तो कर्जबुडव्यांच्या तुरुंगात गेला. ज्या मंत्र्याने कंत्राटदारावर नजर ठेवायची तोच त्याचा भागीदार असेल, तर पुरवठ्याची तक्रार कोणी कोणाकडे करायची?

दुसरा माणूस क्वार्टरमास्टर सॅम्युएल हॉजडन. तंबू, घोडे, खोगिरे, कुऱ्हाडी, दारूगोळा हे सारे त्याच्याकडे, आणि तो स्वतः फोर्ट वॉशिंग्टनला पोचला १० सप्टेंबरला, म्हणजे फौज जमण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर दोन महिन्यांनी. त्याच्याकडून आलेल्या मालाचे जे वर्णन साक्षीदारांनी चौकशीत केले, ते वाचताना आजही चीड येते. तंबू पावसात गळत होते आणि त्यामुळे काडतुसे भिजत होती. बंदुकीची दारू कमी ताकदीची होती. जनावरांवर घालायची खोगिरे त्या जनावरांना बसतच नव्हती, इतकी मोठी होती. कुऱ्हाडींचे लोखंड इतके हलके की झाडावर घाव घालताच पाते वाकत असे, आणि याच कुऱ्हाडींनी दाट जंगलातून तोफांसाठी वाट काढायची होती. सेंट क्लेअरने किल्ल्याचे रूपांतर कारखान्यात केले. बंदुका दुरुस्त करणे, तोफांचे गाडे तयार करणे, काडतुसे भरणे, ही सारी कामे लढायला आलेल्या माणसांकडून करून घ्यावी लागली, आणि त्यांच्या कवायतीला वेळ उरला नाही.

हे लिहिताना आपल्याकडची एक समकालीन गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. यॉर्कटाउन येथे १७८१ मध्ये अमेरिकनांपुढे शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस (सेंट क्लेअर त्या वेळी तिथे होता) याच १७९१ साली मे महिन्यात टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणसमोरून मागे फिरत होता. त्याचे ओझ्याचे बैल मरून गेले होते, अन्न संपले होते आणि वेढ्याच्या तोफा त्याला स्वतःच नष्ट कराव्या लागल्या होत्या. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या आणि त्यांच्या लष्करी बाजारात, चढ्या भावाने का होईना, धान्य मिळाले, म्हणून इंग्रजांची फौज तगली. मराठ्यांच्या छावणीबरोबर चालणाऱ्या बाजाराची युरोपियन लोक चेष्टा करत, पण जंगलात अडकलेल्या सेंट क्लेअरला असा बाजार कुठून मिळणार होता? त्याची सारी भिस्त शेकडो मैल दूर बसलेल्या एका कंत्राटदारावर होती.

तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया, तिथून मात्र निघा, त्वरा करा, अशी पत्रे येत राहिली. सप्टेंबरात फौज हलली. ग्रेट मायामी नदीवर फोर्ट हॅमिल्टन आणि त्याच्या उत्तरेला ऑक्टोबरात फोर्ट जेफर्सन बांधले गेले. दिवसाला पाच-सहा मैल वाट तोडत जाणाऱ्या या फौजेवर थंडी, पाऊस आणि अर्धा शिधा अशी तिहेरी आपत्ती होती. पळून जाणाऱ्यांना जरब बसावी म्हणून फोर्ट जेफर्सन येथे तिघांना फाशी दिले, तरी पळणारे थांबले नाहीत. ३१ ऑक्टोबरला मिलिशियातले, म्हणजे नागरिकांच्या हंगामी फौजेतले, सुमारे साठ केंटकीवाले निघून गेले, आणि वाटेत येणारा पिठाचा काफिला ते लुटतील या भीतीने सेंट क्लेअरने मेजर जॉन हॅमट्रॅमकच्या हाताखालची पहिली नियमित पलटण त्यांच्यामागे पाठवली. फौजेतले सर्वात कसलेले असे सुमारे ३०० शिपाई लढाईच्या दिवशी त्यामुळे रणांगणावर नव्हते. पाव-भाकरीच्या टंचाईने सेनापतीचा हात कसा पिरगळला, याचे यापेक्षा बोलके उदाहरण या मोहिमेत दुसरे नाही.

३ नोव्हेंबरची रात्र

३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी फौज एका लहान नदीच्या काठी उंचवट्यावर थांबली. जमिनीवर हलके बर्फ होते. ती नदी सेंट मेरीज असावी अशी सेंट क्लेअरची समजूत होती. वास्तविक ती वॉबॅश होती, म्हणजे आपण नेमके कुठे आहोत हेच फौजेला ठाऊक नव्हते. दोन समांतर रांगांत तळ पडला, रांगांमध्ये सुमारे सत्तर यार्डांचे अंतर होते, आणि मिलिशियाचे लोक नदी ओलांडून पुढे तीनशे यार्डांवर बसवले गेले. माणसे दमलेली होती, म्हणून लाकडांचा आडोसा त्या रात्री उभारला नाही. दुसऱ्या दिवशी सामान ठेवण्यासाठी तटबंदी करायची, हॅमट्रॅमक येताच पुढे निघायचे, असा बेत तोफखान्याच्या मेजर फर्ग्युसनबरोबर ठरला.

रात्री कॅप्टन जेकब स्लाउ याच्या हाताखाली एक लहान टोळी टेहळणीला गेली. अंधारात मूळनिवासींचे मोठे जथे दोन्ही बाजूंनी छावणीकडे सरकताना तिने पाहिले. स्लाउ परत आला आणि सेंट क्लेअरच्या खालोखालचा अधिकारी, जनरल रिचर्ड बटलर, याला त्याने हे सांगितले. मी स्वतः जाऊन सेनापतीला सांगू का, असे त्याने विचारले. तू दमला आहेस, जाऊन झोप, असे बटलर म्हणाला. ही बातमी सेंट क्लेअरपर्यंत पोचलीच नाही. या दोघांत आधीपासून बेबनाव होता. आजारी सेनापतीऐवजी आपल्याला हजार निवडक माणसे देऊन पुढे पाठवावे, असे बटलरने फोर्ट जेफर्सन येथे सुचवले होते आणि सेंट क्लेअरने ते हसण्यावारी नेले होते. बटलरने बातमी का दाबली, हे आता कळणार नाही, कारण दुसऱ्या सकाळी तो मारला गेला.

पहाटेची हजेरी होऊन शिपाई तंबूंकडे वळले, त्याच सुमारास सूर्योदयाच्या जरा आधी हल्ला झाला. मायामींचा लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट आणि डेलावेअरांचा बकाँगाहेलास यांच्या नेतृत्वाखाली सुमारे हजार योद्धे अर्धचंद्राकार पसरून चाल करून आले. नदीपलीकडचे मिलिशियावाले पहिल्या काही मिनिटांतच पळत छावणीत घुसले आणि पहिली रांग विस्कळीत केली. तोफा डागल्या गेल्या, पण उंचावरून झाडलेले गोळे झाडांच्या शेंड्यांतून निघून जात आणि तोफांजवळचे गोलंदाज एकेक करून टिपले जात. कर्नल विल्यम डार्कने संगिनी लावून चढाई केली, समोरचे योद्धे मागे हटले, आणि तुकडी पुढे जाताच पुन्हा सर्व बाजूंनी चालून आले. हे असे तीन तास चालले. ज्या सेनापतीला एरवी उचलून चालवावे लागे तो त्या सकाळी पायी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. शेवटी साडेनऊच्या सुमारास वाटेच्या दिशेने वेढा फोडून उरलेले लोक निसटले आणि २९ मैलांवरच्या फोर्ट जेफर्सनकडे धावले. छावणीबरोबर आलेल्या कित्येक स्त्रिया आणि मुले मागेच मारली गेली. हल्लेखोरांपैकी मात्र एकवीसच मेले असे मानले जाते. अमेरिकी सैन्याने मूळनिवासींकडून खाल्लेला हा सर्वात मोठा पराभव. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्न येथे मूळनिवासींशी लढताना अमेरिकी अधिकारी कस्टरची जी माणसे पडली त्यांच्या दुपटीहून जास्त इथे पडली.

चौकशी

लेफ्टनंट एबेनेझर डेनी ही बातमी घेऊन १९ डिसेंबरला फिलाडेल्फियात पोचला. जानेवारीत सेंट क्लेअर स्वतः तिथे आला आणि आपल्या वर्तनाची लष्करी चौकशी व्हावी, तोपर्यंत सेनापतिपद आपल्याकडे राहावे, अशी मागणी त्याने केली. अध्यक्ष वॉशिंग्टनने दोन्ही गोष्टी नाकारल्या. एवढ्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची चौकशी करायला पुरेसे वरिष्ठ अधिकारीच सैन्यात नव्हते, आणि कायद्याने मेजर जनरलची जागा एकच होती, ती नव्या मोहिमेसाठी लगेच हवी होती. दोन्ही कारणे खरी होती. पण त्यांचा परिणाम असा झाला की सेंट क्लेअरला आपली बाजू मांडण्याआधीच पद सोडावे लागले आणि अँथनी वेनची नेमणूक झाली. ज्याला राजीनामा द्यावा लागला त्याच्याकडे लोक दोषी म्हणूनच पाहणार, हे वॉशिंग्टनसारख्या माणसाला कळत नसेल असे नाही.

२७ मार्च १७९२ रोजी प्रतिनिधिगृहात विल्यम ब्रँच जाइल्सचा ठराव आला की अध्यक्षांनी या पराभवाची चौकशी करवावी. तो फेटाळला गेला. अध्यक्षाच्या अखत्यारीतल्या अधिकाऱ्यांची चौकशी अध्यक्षानेच करावी असे सांगण्याऐवजी पैसे मंजूर करणाऱ्या सभागृहाने ती स्वतः करावी, असा विचार पुढे आला, आणि थॉमस फिट्झसिमन्सच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून तिला माणसे, कागदपत्रे आणि दप्तर मागवण्याचा अधिकार दिला गेला. घटनेत असा अधिकार कुठेही शब्दांत लिहिलेला नव्हता.

समितीने नॉक्सकडे कागद मागितले तेव्हा वॉशिंग्टनने आपल्या मंत्रिमंडळातल्या जेफर्सन, हॅमिल्टन, नॉक्स आणि रँडॉल्फ यांना बोलावून विचारले की आता काय करावे. जे काही करू त्याचा पायंडा पडेल, याची त्याला पुरती जाणीव होती. जेफर्सनने त्या बैठकीचे टिपण ठेवले आहे. सभागृहाला चौकशी करण्याचा अधिकार आहे, लोकहिताला धरून असलेले कागद अध्यक्षाने द्यावेत आणि ज्यांनी लोकांचे नुकसान होईल ते नाकारावेत, असे ठरले. मग याच प्रकरणातले कागद तपासले गेले, आणि त्यांत लपवण्यासारखे काही नसल्याने ते सगळे दिले गेले. संसदेने मागावे आणि कार्यकारी सत्तेने काही राखून ठेवावे, या दोन्ही हक्कांची मुळे अमेरिकी राज्यव्यवहारात इथवर मागे नेली जातात.

८ मे १७९२ चा समितीचा अहवाल स्पष्ट होता. कायदा उशिरा झाला, तयारी त्याहून उशिरा झाली, कंत्राटदार आणि क्वार्टरमास्टर यांच्या खात्यांत ढळढळीत अनास्था आणि गैरव्यवस्था होती, शिपाई अनुभवहीन आणि बेशिस्त होते. सेंट क्लेअरने मात्र तयारीत कष्ट घेतले आणि लढाईत धैर्य दाखवले, म्हणून त्याच्याकडे दोष जात नाही. यावर नॉक्स आणि हॉजडन खवळले. आमचे म्हणणे ऐकून न घेताच खापर आमच्या डोक्यावर फोडले, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. समितीने पुन्हा साक्षी घेतल्या आणि फेब्रुवारी १७९३ मध्ये दुरुस्त अहवाल दिला. निष्कर्ष बहुतांशी तेच राहिले, पण सभागृहाने त्यावर मत घेतलेच नाही. अहवाल तसाच पडून राहिला.

आता माझे मत. रसदीबद्दल समितीचे म्हणणे मला पटते. पण आडोसा न उभारण्याचा निर्णय हॉजडनचा नव्हता. जंगलात इतके आत शिरल्यावर दूरवर हेर ठेवले नाहीत, मिलिशियाला नदीपलीकडे एकटे बसवले, बटलरशी बोलणे इतके तुटू दिले की जिवावरची बातमी एका तंबूतून दुसऱ्या तंबूत गेली नाही, या गोष्टींची जबाबदारी सेनापतीचीच होती. टिकॉन्डरोगाच्या वेळी त्याने धोका वेळीच ओळखून निमूटपणे बदनामी पत्करली होती. वॉबॅशकाठी त्याला धोका दिसला नाही, कारण आजारपण, उशीर आणि वरून येणारा तगादा यांच्यात तो पुरा गुंतला होता. समितीने हे दोन्ही लिहिले असते, म्हणजे पुरवठा कुजलेला होता आणि तळही असुरक्षित होता असे म्हटले असते, तर तो निकाल लोकांना अधिक विश्वसनीय वाटला असता आणि सेंट क्लेअरच्याही पदरी काहीतरी पक्के पडले असते.

वेनने दोन वर्षे कवायतीत घालवली. डिसेंबर १७९३ मध्ये त्याच्या लोकांनी त्याच रणांगणावर फोर्ट रिकव्हरी बांधला. अंथरूण टाकण्याआधी त्यांना जमिनीवरची हाडे बाजूला करावी लागली. २० ऑगस्ट १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई त्याने जिंकली आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहाने आजच्या ओहायोचा बहुतेक भाग मूळनिवासींच्या हातून गेला.

राज्यपाल आणि ऋणको

सेंट क्लेअर राज्यपाल म्हणून आणखी दहा वर्षे राहिला. छावणीतली हुकूम देण्याची सवय त्याने विधिमंडळातही सोडली नाही. १७९९ मध्ये प्रदेशाचे पहिले विधिमंडळ भरले तेव्हा नवे जिल्हे पाडण्याची विधेयके त्याने एकामागून एक रोखली, कारण तो अधिकार आपला आहे असे त्याचे म्हणणे होते. चिलिकोथीचे टिफिन आणि वर्दिंग्टन हे जेफर्सनच्या पक्षाचे पुढारी त्याचे कट्टर विरोधक झाले. ओहायोला राज्याचा दर्जा देण्याचा काँग्रेसचा कायदा आमच्यावर बंधनकारक नाही, असे नोव्हेंबर १८०२ मध्ये त्याने घटना बनवणाऱ्या सभेपुढे भाषणात सांगितले, आणि त्याच महिन्यात, आता अध्यक्ष असलेल्या जेफर्सनने त्याला पदावरून दूर केले. त्या सभेने केलेल्या घटनेत राज्यपालाला नकाराधिकारच ठेवला नाही. तो ओहायोच्या राज्यपालाला शंभर वर्षांनी, १९०३ मध्ये मिळाला.

तो लिगोनिअरला परतला तेव्हा जमीन होती, पण कर्जही होते. राज्यपाल असताना मूळनिवासींशी वाटाघाटी करण्यासाठी लागणारी सामग्री त्याने स्वतःच्या सहीने, स्वतःच्या जामिनावर उचलली होती. सरकार भरपाई देईल हा त्याचा भरवसा होता. सरकारने दावा मुदतीबाहेर गेला असे सांगितले. सावकाराने न्यायालयात निकाल मिळवला, व्याजासह रक्कम दहा हजार डॉलरांवर गेली आणि १८१० मध्ये घर, जमीन आणि लोखंडाची भट्टी, सारे लिलावात गेले. काही ग्रंथ आणि स्वातंत्र्ययुद्धातला नौदल अधिकारी जॉन पॉल जोन्सने युरोपातून पाठवलेला स्वतःचा अर्धपुतळा एवढे मात्र आपल्याला ठेवू दिले, असे त्याने एका पत्रात कृतज्ञतेने लिहिले आहे.

चेस्टनट रिजवरच्या लाकडी घरात, वाटसरूंना जेवणखाण विकून गुजराण करताना, १८१२ मध्ये त्याने १७९१ च्या मोहिमेची आपली हकीकत छापली. त्यात तंबू, खोगिरे, दारू, पीठ, कोणी कोणते पत्र कोणत्या तारखेला लिहिले, हे सारे आहे. वीस वर्षांपूर्वी जी चौकशी त्याने मागितली होती ती तो आता स्वतःच, कागदावर, एकट्याने चालवत होता. पेनसिल्व्हेनियाने आणि नंतर काँग्रेसने त्याला लहानशी पेन्शन दिली, तोवर त्याने ऐंशी ओलांडली होती. ऑगस्ट १८१८ मध्ये पीठ आणायला तो छोट्या गाडीतून जवळच्या गावी निघाला. डोंगरातल्या रस्त्यावर चाक खड्ड्यात गेले आणि तो दगडांवर फेकला गेला. ३१ ऑगस्टला तो वारला, आणि सप्टेंबरात फीबीही गेली.